स्वामी रामानंद तीर्थ आणि रयतेवरील बोजा

नांदेडच्या विद्यापीठास ज्यांचें नांव दिलेलें आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थांविषयीं आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांपैकीं पुष्कळांस नांवापलीकडे फारसें ठाऊक नसतें. मुलगा किंवा मुलगी पदवीस बसली म्हणजे प्रमाणपत्रावर तें नांव येतें, आणि १७ सप्टेंबर रोजीं मुक्तिदिनाच्या झेंडावंदनास त्यांची तसबीर हार घालून ठेवलेली असते. तिच्याकडे पाहून सहज असें वाटतें कीं, हे कोणी भगवीं वस्त्रें धारण करणारे धर्मोपदेशक असावेत, व निजामाविरुद्धचा लढा म्हणजे हिंदूंनीं मुसलमानांशीं केलेला लढा असावा. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. राज्याचा खर्च कोणीं सोसावा, आणि जो जमीन कसतो त्याची ती असावी कीं नसावी, हा प्रश्न स्वामीजींच्या सबंध आयुष्यास व्यापून होता. तो प्रश्न आमच्या वाचकांच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोंचतो, म्हणून आज आम्ही त्यांचें चरित्र थोडक्यांत देत आहों.

त्यांचें पूर्वाश्रमीचें नांव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. ३ ऑक्टोबर १९०३ रोजीं विजापूर जिल्ह्यांतील सिंदगी या गांवीं त्यांचा जन्म झाला. घराणें गुलबर्गा जिल्ह्यांतलें. शिक्षण सोलापुरास चाललें असतां असहकारितेची चळवळ सुरू झाली, आणि त्यांनीं सरकारी शाळा सोडून दिली. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळक निवर्तले, त्या वेळीं या सोळा वर्षांच्या मुलानें आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याची शपथ घेतली. अशा वयांतील शपथा बहुधा लग्नाचें बोलणें निघेपर्यंतच टिकतात, ही टिकली. पुढें पुण्याच्या टिळक महाविद्यालयांत त्यांनीं उच्च शिक्षण पुरें केलें.

पदवी हातीं आल्यावर त्यांनीं नोकरीचा शोध केला नाहीं. मजुरांचे पुढारी नारायण मल्हार जोशी यांच्या हाताखालीं ते कामगार संघटनेच्या कामास लागले. जोशी हे १९२० सालीं निघालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकीं एक. त्यांची वृत्ति सौम्य, आणि भर कायद्यावर, आंकड्यांवर व वाटाघाटीवर. स्वामीजींचे चरित्रकार या कालखंडावरून घाईनें पुढें जातात, परंतु आमच्या मतें त्यांच्या पुढील आयुष्याचें बीज येथें आहे. गिरणीमजुराच्या पगारांतून काय कापलें जातें, व भागीदाराच्या पदरांत काय पडतें, याचा हिशेब मांडावयास ज्या तरुणास शिकविलें गेलें, तो पुढें खेड्यांत गेल्यावर तेथेंही तोच हिशेब मांडूं लागला तर नवल नाहीं.

आजारामुळें त्यांना तें काम सोडावें लागलें. शरीर दुबळें झालेलें, अशा स्थितींत १९२९ सालीं ते उस्मानाबाद जिल्ह्यांतील हिप्परगा या गांवीं आले. तेथें व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनीं १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा काढली होती. निजामी मुलखांत दरबारची भाषा उर्दू, व शाळांतूनही तिचाच अंमल. अशा ठिकाणीं मुलांस मराठींतून शिकविणारी ही शाळा म्हणजे मोठेंच धाडस होतें. व्यंकटेश खेडगीकर हे तिचे मुख्याध्यापक झाले. याच सुमारास त्यांनीं संन्यास घेतला, व स्वामी रामतीर्थांच्या परंपरेंतील दीक्षेप्रमाणें रामानंद तीर्थ हें नांव धारण केलें. १९३५ सालीं ते मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस गेले, आणि तेथें योगेश्वरी नूतन विद्यालय त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं नांवारूपास आणलें.

संन्यास म्हणजे प्रपंचांतून बाहेर पडणें असा रूढ अर्थ आहे. स्वामीजींच्या बाबतींत मात्र संन्यास घेतल्यावर खरा प्रपंच सुरू झाला, आणि तो एका घराचा नव्हे तर पांच जिल्ह्यांचा. त्यांची श्रद्धा अद्वैतावर होती. सर्वांच्या ठायीं एकच आत्मा असेल तर एकाच्या कोठारांत ज्वारी सडावी व दुसऱ्यानें कण्या वेंचाव्या, हें त्या श्रद्धेशीं कसें जुळावें, असा त्यांचा विचार असे. या तत्त्वज्ञानाशीं आमचा मतभेद असो. पण त्यांतून त्यांनीं जो निष्कर्ष काढला तो ऐकावयास आमच्यापैकीं कोणासही जड जाणार नाहीं. शिवाय संन्यासाचा एक व्यावहारिक लाभ झाला. ज्याच्या नांवावर गुंठाभर जमीन नाहीं, ज्यास मुलेंबाळें नाहींत, त्याच्या घरीं जप्ती कशाची आणावी? तो जमिनीच्या वाटणीविषयीं बोलूं लागला तर स्वतःच्या पोळीवर तूप ओढतो आहे, असें त्याचा वैरीही म्हणूं शकत नव्हता.

आतां ज्या मुलखांत हें सर्व घडत होतें, त्याची रचना सांगितली पाहिजे. नाहीं तर पुढील गोष्टींचा उलगडा होणार नाहीं. हैदराबाद संस्थानचें क्षेत्रफळ सुमारें ८२,००० चौरस मैल, व १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणें लोकसंख्या १ कोटी ६० लक्षांहून अधिक. त्यांतील औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठी जिल्हे होत. लातूर हें तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतील व्यापारी शहर होतें. तो स्वतंत्र जिल्हा झाला १९८२ सालीं. संस्थानच्या जमिनीपैकीं सुमारें शेंकडा ६० दिवाणी अथवा खालसा, म्हणजे सरकारच्या अंमलाखालची. शेंकडा ३० जहागीरदार, पायगे व संस्थानिक यांच्या ताब्यांतली. आणि उरलेली शेंकडा १० सर्फ-ए-खास, म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी खर्चाची. सर्फ-ए-खासचें उत्पन्न सरकारी तिजोरींत न जातां राजाच्या पेटींत जाई. १९३७ सालीं अमेरिकेंतील टाइम साप्ताहिकानें मीर उस्मान अली खान यांचें चित्र मुखपृष्ठावर छापून जगांतील सर्वांत धनाढ्य पुरुष म्हणून त्यांचा गौरव केला. त्या वर्षीं बिलोली किंवा औसा तालुक्यांतील सालगड्याच्या घरीं दिवाळी कशी झाली, हें कोणत्याही साप्ताहिकानें छापलें नाहीं.

राज्याचा गाडा चाले तो मुख्यतः तीन बाबींवर : शेतसारा, आबकारी व करोडगिरी. शेतसारा शेतकरी देई. आबकारी म्हणजे शिंदी व दारू यांवरील उत्पन्न. तें दिवसभर राबून सायंकाळीं दुकानाकडे वळणाऱ्या मजुराच्या खिशांतून येई, आणि त्याच्या बायकामुलांच्या ताटांतून वजा होई. करोडगिरी म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरील जकात. ती व्यापारी भरी, परंतु कापडाच्या व तेलाच्या किंमतींत मिसळून ती पुन्हां खेड्यांतच वसूल होई. यरीहोचा जक्कय आमच्या वाचकांच्या ओळखीचा आहे. त्याच्या नाक्याहून निजामीचें नाकें फारसें निराळें नव्हतें. याउलट ज्याची प्राप्ति लाखांनीं मोजावी अशा माणसाच्या प्राप्तीवर कर बसविणारा कायदा १३५७ फसलीचा, म्हणजे राज्य ज्या वर्षीं बुडालें त्या वर्षाचा आहे. जहागिरींत तर रयतेकडून वसूल होणारा सारा जहागीरदारच ठेवून घेई. शेजारच्या खालशाच्या गांवाहून दर बहुधा चढे, आणि वर नाना प्रकारच्या पट्ट्या.

याशिवाय एक कर असा होता कीं, तो कोणत्याच जमाखर्चांत दिसत नाहीं. तो म्हणजे वेठ. तहसीलदार गांवीं आला कीं त्याचें सामान वाहणें, घोड्यास गवत आणणें, चुलीस लांकडें फोडून देणें, निरोप घेऊन दहा कोस पळत जाणें, हें सर्व महारवाड्यानें व मांगवाड्यानें करावयाचें. ज्याच्याजवळ पैसा त्यानें पैसाही देऊं नये, आणि ज्याच्याजवळ देह तेवढा आहे त्यानें देहानें कर भरावा, असा हा न्याय. आमच्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांचे आजे-पणजे त्या वेठीस गेलेले आहेत. त्यांस हें विस्तारानें सांगावयास नको.

या व्यवस्थेचा धर्माशीं संबंध किती? राजा मुसलमान, वरिष्ठ अधिकारी बहुतेक मुसलमान, प्रजा बहुसंख्य हिंदु. म्हणून जुलमाचें नांव इस्लाम, असा हिशेब अनेकांनीं केला. परंतु जहागीरदारांत हिंदूही होते. गद्वाल व वनपर्तीचे संस्थानिक हिंदु. निजामाचे पेशकार महाराजा किशनप्रसाद हे हिंदु. आणि खेड्यांतील देशमुख, देशपांडे व सावकार यांपैकीं पुष्कळ देवळांत घंटा वाजवूनच रयतेच्या घरीं वसुलीस जात. तिकडे मुसलमान विणकर, पिंजारी व शेतमजूर हे आपल्या हिंदु शेजाऱ्याइतकेच उपाशी. हें स्वामीजींनीं फार लवकर ओळखलें होतें. त्यांच्या साऱ्या राजकारणाचा हा पाया म्हणावयास हरकत नाहीं.

संस्थानांत त्रेपन्न नंबरच्या गश्तीप्रमाणें परवानगीवांचून सभा भरवितां येत नसे. राजकारणाची उघड संस्था काढणें तर अशक्यच. म्हणून मराठी भाषकांनीं महाराष्ट्र परिषद या नांवानें एकत्र येण्यास आरंभ केला. तिचें पहिलें अधिवेशन १९३७ सालीं परतूर येथें, व दुसरें १९३८ सालीं लातुरास झालें. लातुरापासून स्वामीजी परिषदेचे प्रमुख कार्यकर्ते झाले, आणि शिक्षकाचा पेशा सुटला. त्याच वर्षीं हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याच्या बेतांत असतां सप्टेंबरांत सरकारनें ती जन्मापूर्वींच बेकायदा ठरविली. २४ ऑक्टोबर रोजीं गोविंदराव नानल यांच्या तुकडीनें सत्याग्रह सुरू केला. पाठोपाठ स्वामीजींनीं केला, व त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

या सत्याग्रहाच्या वेळची एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्याच सुमारास आर्यसमाज व हिंदुमहासभा यांनींही आपापला सत्याग्रह आरंभिला. त्यांच्या मागण्या धार्मिक स्वातंत्र्याच्या होत्या, व त्यांतील कित्येक योग्यही होत्या. परंतु दोन प्रवाह मिसळूं लागले, आणि स्टेट काँग्रेस ही हिंदूंची संस्था आहे असें म्हणावयास सरकारास आयतेंच निमित्त मिळालें. तेव्हां गांधीजींच्या सल्ल्यानें स्टेट काँग्रेसनें डिसेंबर महिन्यांत आपला सत्याग्रह स्थगित केला. माणसें तुरुंगांत, उत्साह भरांत, आणि अशा वेळीं माघार. तरुणांस हें कडू लागलें. आमच्या मतें तो निर्णय बरोबर होता. मात्र भगव्या वस्त्रांतील पुढारी पाहून खेड्यांतील मुसलमान शेतकऱ्याच्या मनांत जी शंका येई, ती केवळ ठरावांनीं जात नसे, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

१९४० व १९४२ सालीं स्वामीजींस पुन्हां तुरुंगवास घडला. दरम्यान १९४१ सालीं महाराष्ट्र परिषद नांदेड जिल्ह्यांतील उमरी येथें भरली. दुसरें महायुद्ध चाललेलें, धान्याची टंचाई. आणि सरकारनें सक्तीची लेव्ही बसविली. प्रत्येक शेतकऱ्यानें ठरीव भावानें ठरीव धान्य सरकारास द्यावयाचें. कागदावर ही योजना वाईट नव्हती, कारण शहरांतील गरिबांसही अन्न पाहिजेच. परंतु मोजणी करणारा पटवारी, वसुली करणारा पाटील, आणि त्यांच्यावर वजन गांवच्या देशमुखाचें. लहान शेतकऱ्याच्या खळ्यावरून बियाण्यासकट धान्य उचललें जाई, व मोठ्याचें धान्य पेवांत राहून काळ्या बाजारांत चौपटीनें विकलें जाई. कर कायद्यांत सर्वांस सारखा असला तरी वसुलींत तो सारखा राहतोच असें नाहीं, हा धडा मराठवाड्यानें या लेव्हीपासून घेतला.

१९४६ सालीं बंदी उठली, आणि स्टेट काँग्रेस उघडपणें काम करूं लागली. लगेच तिच्यांत दोन फळ्या दिसूं लागल्या. एका बाजूस बुर्गुल रामकृष्ण राव यांच्यासारखे वकील व मवाळ पुढारी. त्यांचें म्हणणें जबाबदार राज्यपद्धति आधीं येऊं द्यावी, जमिनीचा प्रश्न सावकाश पाहूं. दुसऱ्या बाजूस स्वामीजी व औरंगाबादचे गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे तरुण. त्यांच्या मतें ज्या स्वराज्यांत कुळास जमीन नाहीं त्यासाठीं कुळानें मार कां खावा? अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तींत स्वामीजी थोड्याशा मतांनीं विजयी झाले. प्रतिपक्षानें त्यांना साम्यवादी ठरविलें. तिकडे तेलंगणांत साम्यवाद्यांचा सशस्त्र लढा पेटला होता. तेथें एकेका देशमुखाकडे हजारों एकर जमीन होती. त्या लढ्याचें कारण स्वामीजींस मान्य, मार्ग अमान्य. दोन्हींकडून दगड खाण्याची ही जागा होय, आणि तेथें ते अखेरपर्यंत उभे राहिले.

याच वेळीं संस्थानच्या दुसऱ्या टोंकास लातूरचा एक वकील पुढें येत होता. कासीम रझवी हें त्याचें नांव. १९४६ सालीं तो इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला, व रझाकारांच्या टोळ्या त्यानें उभारल्या. संस्थानांतील प्रत्येक मुसलमान हा सत्तेचा भागीदार आहे, असें तो गरीब मुसलमानांस पटवीत असे. ज्याच्या घरांत दोन वेळची भाकर नाहीं त्यास तूं राजा आहेस असें सांगितलें, कीं तो जहागीरदाराचा जाब विचारीत नाहीं. शेजाऱ्याच्या घरास काडी लावतो. लातूर व अंबाजोगाई यांत एका दिवसाच्या वाटेचें अंतर. एकीकडून धर्माच्या नांवानें गरिबांत फूट पाडणारा निघाला, दुसरीकडून भगवीं वस्त्रें घालून त्यांस एकत्र आणूं पाहणारा. इत्तेहादच्या विरुद्ध लिहिणारा इमरोज पत्राचा संपादक शोएबुल्ला खान हा मुसलमान होता. १९४८ च्या ऑगस्टांत हैदराबादेंत त्याचा खून झाला. नांदेड जिल्ह्यांत त्यापूर्वींच, २९ ऑक्टोबर १९४६ रोजीं, गोविंदराव पानसरे यांची अर्जापूरजवळ हत्या झालेली होती.

१९४७ सालचा लढा विशेषतः करांविरुद्ध चालला. शिंदीचीं झाडें तोडावीं म्हणजे आबकारीचें उत्पन्न बुडतें. करोडगिरीचीं नाकीं उद्ध्वस्त करावीं. लेव्ही देऊं नये. ७ ऑगस्ट हा हिंदी संघराज्यांत सामील होण्याचा दिन म्हणून पाळण्यांत आला, व १५ ऑगस्ट रोजीं तिरंगा लावल्याबद्दल स्वामीजींस अटक झाली. नोव्हेंबर अखेर ते सुटले, आणि २६ जानेवारी १९४८ रोजीं पुन्हां पकडले गेले. त्यानंतर चारच दिवसांनीं, ३० जानेवारीस, त्यांच्या अनुयायांनीं उमरीची बँक लुटली. सुमारें २१ लक्ष रुपये हातीं आले. तो पैसा सरहद्दीवरील छावण्यांत लढ्यासाठीं खर्च झाला, व पुढें त्याचा हिशेब देण्यांत आला. चोरी ती चोरी, हेतु कसाही असो, असें आमच्या वाचकांपैकीं अनेक म्हणतील, आणि आम्ही त्यांच्याशीं वाद घालणार नाहीं. परंतु ज्या पैशाचा हिशेब कोणी मागूं शकत नव्हतें त्याचा हिशेब ठेवण्यांत आला, ही गोष्ट आजच्या काळांत सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य संस्थानांत शिरलें व १७ सप्टेंबरास निजामानें हार मानली. स्वामीजी तुरुंगांतून बाहेर आले. मुक्तिदिनाच्या भाषणांतून कथा येथें संपते. आम्हांस ती येथें संपवितां येत नाहीं. पुढील कांहीं आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जें ओढवलें त्याची पाहणी करण्यासाठीं भारत सरकारनें पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांस पाठविलें. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून मृतांची संख्या १८ हजारांहून कमी नाहीं, असें त्यांनीं नोंदविलें. लातुरांत धनवान कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. तेथें वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल व लूट चालली, एक हजारांवर माणसें मेलीं, व दहा हजार मुसलमानांपैकीं जेमतेम तीन हजार शहरांत उरले. हा अहवाल अनेक दशकें लोकांपुढें आलाच नाहीं. श्रीमंताच्या दुकानावरचा राग धर्माच्या नांवानें निघाला, आणि मेला तो बहुतेक ठिकाणीं रझवीस कधीं न पाहिलेला गरीब. त्याच अहवालांत असेंही आहे कीं, एके ठिकाणीं हिंदु विणकरांनीं स्वतःचे प्राण देऊन मुसलमान विणकरांचें रक्षण केलें. एका मागावर बसणारांचें नातें त्या दिवसांत देवळामशिदीच्या नात्याहून बळकट ठरलें. स्वामीजींनीं दहा वर्षें हेंच शिकविलें होतें, परंतु शिकविलेलें सर्वत्र रुजलें नव्हतें.

आतां जमिनीकडे वळूं. १९४९ सालीं सर्फ-ए-खास सरकारांत विलीन झालें, व त्याच वर्षीं जहागिरी नष्ट करण्याचा कायदा आला. जहागीरदारांस भरपाई मिळाली, आणि निजामास वर्षाकांठीं ५० लक्ष रुपये तनखा, तोही करमुक्त. १९५० सालीं कूळकायदा झाला. सहा वर्षें जमीन कसणाऱ्या कुळास संरक्षण, व पुढें १९५४ च्या दुरुस्तीनें मालकीचा मार्ग. हिंदुस्थानांतील चांगल्या कूळकायद्यांत याची गणना होते. त्याचें फळ काय झालें, हें अ. म. खुसरो या अर्थशास्त्रज्ञानें गांवोगांव पाहून लिहिलें. १९५१ सालच्या संरक्षित कुळांपैकीं चार वर्षांनीं सुमारें शेंकडा ४५ कुळें म्हणून टिकलीं होतीं, सुमारें १२ मालक झालीं होतीं, सुमारें २२ बेकायदा हुसकून लावण्यांत आलीं होतीं, आणि १७-१८ जणांनीं जमीन राजीखुषीनें सोडली, असें दप्तर सांगत होतें. राजीखुषी! ज्यानें अंगठा उठविला त्यास विचारावें.

कूळकायद्यानें कुळास कांहीं तरी दिलें. ज्याच्याकडे कुळकीही नव्हती त्यास काय? येथें आम्हांस स्वामीजींच्या चळवळीचें उणें स्पष्ट दिसतें. तिचे पुढारी बहुतेक ब्राह्मण व मराठा घरांतले. त्यांची पाऊलवाट वेशीपर्यंत येई, महारवाड्यांत क्वचितच शिरे. त्यामुळें निजामाच्या अखेरच्या वर्षांत दलितांपैकीं एक गट इत्तेहादच्या बाजूस झुकला, व सत्ता पालटल्यावर त्याची शिक्षा अनेक निरपराध वस्त्यांनीं भोगली. गायरान व पडीक जमिनीसाठीं भूमिहीनांस पुढें वेगळाच लढा द्यावा लागला. १९५९ सालीं दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालीं झालेला भूमिसत्याग्रह मराठवाड्यांतील वृद्धांस अद्याप आठवतो.

१९५२ सालीं राज्याचें मुख्यमंत्रीपद बुर्गुल रामकृष्ण राव यांस मिळालें. स्वामीजी गुलबर्ग्याहून, व १९५७ सालीं औरंगाबादेहून लोकसभेवर गेले. हैदराबाद राज्य मोडून मराठी मुलूख महाराष्ट्रास जोडला जावा यासाठीं ते झटले, व १९५६ सालीं तें राज्य मोडलें. ते सभासद असतांनाच लोकसभेनें श्रीमंतांवर तीन कर बसविले : १९५३ सालीं मृताच्या मालमत्तेवरील संपदाशुल्क, आणि १९५७ सालीं संपत्तिकर व व्ययकर. तत्त्व सरळ होतें. ज्याच्या घरीं साठा अधिक, त्यानें राज्यास अधिक द्यावें. श्रीमंतास अधिक कर लावणें म्हणजे त्याचा द्वेष करणें, असें कित्येक तेव्हांही म्हणत, आजही म्हणतात. पण ज्या मुलखानें शतकभर उलटी रीत पाहिली, जेथें शिंदीच्या पेल्यावर कर होता आणि जहागिरीवर नव्हता, तेथील माणसास हा द्वेष वाटणें कठीण आहे. संपदाशुल्क १९८५ सालीं व संपत्तिकर २०१५ सालीं रद्द झाला. शेतीच्या उत्पन्नावर तर केंद्राचा प्राप्तिकर नाहींच. त्याचा आधार दोन एकरवाल्यास होतो, आणि दोनशे एकरवाल्यासही.

नांदेड एज्युकेशन सोसायटी व तिचें १९५० सालचें पीपल्स कॉलेज हीं स्वामीजींच्या पुढाकारानें उभीं राहिलीं. राजकारणांतून ते हळूहळू दूर झाले. आठवणींचें एक पुस्तक त्यांनीं इंग्रजींत लिहिलें. डिसेंबर १९७१ मध्यें घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीनें संस्थानिकांचे तनखे बंद झाले. मीर उस्मान अली खान तत्पूर्वीं, १९६७ सालींच वारले होते. त्यानंतर महिनाभरानें, २२ जानेवारी १९७२ रोजीं, स्वामीजी हैदराबादेस निवर्तले. बेगमपेठेंत त्यांची समाधि आहे. मागें वारस नव्हता, आणि वाटून घ्यावें असें कांहीं नव्हतें.

त्याच वर्षीं मराठवाड्यांत पाऊस पडला नाहीं. नांदेड व लातुराकडील मोठमोठे शेतकरीही खडी फोडण्याच्या कामावर दिसूं लागले, मग मजुरांची काय कथा. वि. स. पागे यांनीं सुचविलेली रोजगार हमीची योजना या दुष्काळांत विस्तारली, आणि तिला कायम पैसा कोठून आणावयाचा हा प्रश्न विधिमंडळापुढें आला. १९७५ सालीं व्यवसायकराचा कायदा झाला. शहरांतील नोकरदार, वकील, डॉक्टर व व्यापारी यांच्या मिळकतींतून तो कापला जाऊं लागला, व तेवढीच रक्कम सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावी असें ठरलें. पुढें १९७७ सालीं हमीचाच कायदा करण्यांत आला. मुंबईच्या कचेरींतील कारकुनाच्या पगारपत्रकावर दरमहा एक बारीकशी वजावट दिसे. अहमदपूर, मुखेड, कंधार या बाजूंस तिचे पाझर तलाव व कच्चे रस्ते झाले, आणि शनिवारच्या पगारास रांगेंत उभ्या राहिलेल्या बायांच्या हातीं ती रोकड पडे.